आवारातले तण आणि आपली घरगुती औषधे
(मंडळाच्या मासिक सभेत बगीचा समितीतर्फे केलेले भाषण)



बगीचा समितीला भाषण करायला सांगितले, तेव्हा आम्हा पाचही जणांना जरा संकोच वाटला. आम्ही कोणी कृषितज्ज्ञ नाही. दोघे बँकेतून निवृत्त, एक शिक्षिका, दोन गृहिणी. पण गेल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. ती आम्हीच सांगावी, म्हणजे तुमच्या घरी ती होणार नाही, म्हणून उभे आहोत.

मंडळाच्या फाटकापासून सभागृहापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, ते आपल्याला आठवत असेल. दोन पावसाळ्यांतच फटींतून तण वर आले. माळी महिन्यातून एकदा येणार, आणि बाजारातली तणनाशके नकोत, असे सर्वांचे मत. मग आम्ही ठरवले, घरातल्याच वस्तू वापरू. कोणी सिरका सुचवला, कोणी उकळते पाणी, कोणी मीठ. घरातली वस्तू म्हणजे निरुपद्रवी, अशी आमची समजूत. चूक तिथेच झाली.

एप्रिलमध्ये आम्ही दहा किलो जाडे मीठ आणून फटीफटींत भरले, वर पाणी मारले. आठवड्याभरात सगळे पिवळे पडले. आम्ही खूश. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि ते मीठ विरघळून उताराने वाहत गेले थेट भिंतीजवळच्या पारिजातकाच्या मुळाशी. श्रावणात पानांच्या कडा करपल्या. भाद्रपदात सकाळी जिथे फुलांचा सडा पडायचा, तिथे मोजून पाच-दहा फुले. हे झाड मंडळाच्या एका जुन्या सभासद काकूंनी आपल्या यजमानांच्या आठवणीत लावलेले. त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर उभे राहणे आम्हाला जड गेले.

मिठाचे असे का होते, ते नंतर समजून घेतले. सिरका काही दिवसांत मातीत विघटित होतो; मीठ होत नाही. ते पाण्याबरोबर जाईल तिथे जाते आणि तिथल्या मुळांना पाणी ओढू देत नाही. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत तर दुहेरी नुकसान. मिठातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, माती घट्ट बसते, पाणी खाली मुरत नाही. शिवाय काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढतो तो वेगळाच. खाण्याच्या सोड्यातही सोडियमच असते, म्हणून तोही बागेत नको.

आता उपयोगाचे सांगतो.

पहिले, उकळते पाणी. फटींसाठी आम्हाला हेच सर्वांत बरे वाटले. किटलीतून सावकाश, बुडाशी ओतायचे. कोवळे तण एका वेळेत जाते. जुन्याला दर दहा-पंधरा दिवसांनी दोन-तीनदा द्यावे लागते. पायांत बंद बूट हवेत, लहान मुले लांब हवीत, आणि आवडत्या झाडाच्या मुळाशी हे पाणी जाता कामा नये.

दुसरे, सिरका. बाटलीतल्या साध्या सिरक्यात चार-पाच टक्के आम्ल असते. कडक उन्हात, वारा नसताना फवारला तर कोवळी पाने करपतात. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातले तर तो पानावर टिकतो. पण तो मुळापर्यंत पोचत नाही. हरळी आणि नागरमोथा पंधरा दिवसांत पुन्हा हजर. नागरमोथ्याच्या तर जमिनीखाली गाठींची माळच असते. आणि कोटा फरशीवर किंवा संगमरवरावर सिरका सांडू नका, डाग कायमचा राहतो. रसायनांच्या दुकानात मिळणारे तीव्र अॅसेटिक आम्ल तर घरात आणूच नका. त्याने त्वचा आणि डोळे भाजतात.

तिसरे, जे कधीच करायचे नाही. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी, आणि सिरका किंवा संडास धुण्याचे अॅसिड, ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे. एकाच बादलीत एकामागून एक वापरले, तरी धोका आहेच. रॉकेलही नको, ते मातीत मुरते.

चौथे, गाजरगवत. हे अमेरिकेतून आलेले तण आपल्याकडे 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि आता देशभर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. एका झाडापासून हजारो बिया पडतात, म्हणून फुलावर येण्याआधी, पावसाने माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे. आपल्याच राज्यात जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. ऑगस्टमध्ये तिच्या पुढाकाराने गाजरगवत जागृती सप्ताह असतो. पडीक जागेतल्या गाजरगवतावर मिठाचे पाणी फवारण्याचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो पडीक जागेसाठी आहे, अंगणासाठी नाही.

वाफ्यांसाठी आम्ही रद्दीचा उपयोग केला. वर्तमानपत्राचे सात-आठ थर ओले करून पसरायचे, वर वाळलेला पाला. उजेड नाही, तर तण नाही.

शेवटी एक प्रसंग. गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक आजी नेहमीप्रमाणे आवारात दूर्वा खुडायला आल्या. फटींकडे बघून त्यांनी विचारले, “काय रे, इथे काय टाकलंय? ह्या दूर्वा देवाला चालतील का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आपण जिला हरळी म्हणून जाळतो, तीच दूर्वा म्हणून एकवीस जुड्यांत बांधतो. आघाडा आणि माका हेही फटीत उगवले की तण, चौरंगावर ठेवले की पत्री.

म्हणून यंदा समितीने ठरवले आहे. फाटकाजवळचा दहा फुटांचा पट्टा दूर्वांसाठी राखून ठेवला आहे. तिथे काहीही फवारायचे नाही, फक्त खुरपे चालेल. पारिजातकाच्या बुडाशी जिप्सम घालून भरपूर गोडे पाणी दिले. झाड अर्धे वाळले आहे. एका फांदीवर यंदा पाने आली आहेत. फुले येतील की नाही, सांगता येत नाही. दर रविवारी सकाळी सातला आम्ही खुरपी घेऊन आवारात असतो. अर्धा तास काढून या. काकू आता स्वतः येतात, तुम्हीही या.

गणपती बाप्पा मोरया!