खांदेरीचा दीपस्तंभ

विक्रोळीच्या पूर्वेस खारफुटीच्या कडेने वाहणारी ठाण्याची खाडी मुंबई बंदरातून ज्या समुद्रास मिळते, त्याच समुद्रात, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी हे चिमुकले बेट आहे. १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या हुकुमाने मायनाक भंडारी यांनी, इंग्रज व सिद्दी या दोन्ही आरमारांच्या विरोधास न जुमानता, तेथे तटबंदी उभारली. त्या निर्धाराला तोड नाही. पुढे इंग्रजी अंमलात, मुंबईकडे येणाऱ्या गलबतांना रात्री मार्ग दिसावा म्हणून १८६७ मध्ये तेथे दीपस्तंभ बांधण्यात आला. ज्या सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने १७१८ मध्ये या बेटावरील इंग्रजांचा हल्ला परतवून लावला, त्यांचेच नाव आज या दीपस्तंभास दिलेले आहे.