वांग, ऊन आणि मलमाची नळी

(भोसरीच्या आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात मजूर अड्ड्यावरची एक बाई म्हणाली, "ताई, उन्हाचं मलम लावते, तरी वांग वाढतंच आहे." नळी पाहिली. ते सनस्क्रीन नव्हतेच, स्टिरॉइडचे मलम होते. ती चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, पण दुकानात मागितले की मिळते. आधी चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते आणि ऊन सोसेनासे होते. तिला गोरे व्हायचे नव्हते. मुलीच्या सोयरिकीत आपली मजुरी तोंडावर दिसू नये, एवढेच.

आता खऱ्या सनस्क्रीनविषयी. उन्हातले अतिनील 'बी' किरण कातडी भाजतात. 'ए' किरण खोल जाऊन काळवंडवतात, आणि ते खिडकीच्या काचेतूनही येतात. म्हणजे चाकणच्या कंपनी-बसमध्ये खिडकीशी बसणारीही सुटत नाही.

सनस्क्रीनच्या दोन जाती. एकीत झिंक ऑक्साइडसारखी खनिजे असतात. पांढरट थर दिसतो, पण नाजूक कातडीला ती सोसतात. दुसरीतली रसायने किरण शोषून घेतात. दिसत नाहीत, मात्र घामाबरोबर डोळ्यांत गेली की चुरचुरतात. एस.पी.एफ.चा आकडा मुख्यतः 'बी' किरणांचा. ३० चे सुमारे ९७ टक्के अडवते, ५० चे ९८. एवढ्या फरकासाठी जादा पैसे मोजायचे का, ते ठरवा. 'ए' किरणांसाठी 'पी.ए.' पुढची अधिक चिन्हे मोजा. वांगाला साधा उजेडही वाढवतो, म्हणून लोह ऑक्साइड घातलेले रंगीत सनस्क्रीन बरे.

पण हे आकडे जाड थराचे, आणि तो थर दर दोन तासांनी पुन्हा द्यायचा. सिमेंटची घमेली वाहणारीने हात कुठे धुवायचे? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात मालकाने पिण्याचे पाणी द्यावे असे होते, तरी पुष्कळ ठिकाणी बायका घरून बाटली नेतात. नळीचा खर्च तर आणखी पुढची गोष्ट.

साडीवर पुरुषी शर्ट घालणाऱ्या बायकांना आपण हसतो. घट्ट विणीचे, गडद, कोरडे कापड मलमापेक्षा भरवशाचे असते. विरलेले किंवा भिजलेले कमी अडवते. तेव्हा ठेकेदाराकडे पूर्ण बाह्यांचे शर्ट, रुंद काठाच्या टोप्या आणि दुपारी बारा ते तीन सावलीतले काम मागायला हवे. मागताना 'सौंदर्य' हा शब्द आला तर हसून सोडू नका.

त्या बाईला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेले. असे मलम एकदम न सोडता त्यांच्या सल्ल्याने सोडायचे असते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या दुकानातली एक नळी आणावी. मागची बारीक अक्षरे एकत्र वाचू.