हार नको, पिक्चर लावा



रमेश देव २ फेब्रुवारी २०२२ ला गेले. सुलोचनादीदी ४ जून २०२३ ला, आणि सीमाताई देव त्याच वर्षी २४ ऑगस्टला. आमच्या बचत गटात श्रद्धांजलीचा विषय निघाला. कुणी म्हणालं, फोटोला हार घालू. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हार संध्याकाळी सुकतो. त्यांचा पिक्चर लावा. गावात तंबू यायचा तेव्हा आम्ही भाकऱ्या थापत बसायचो. पिक्चर बघायचे पुरुष, आम्ही ऐकायची नुसती गाणी."

मग ठरला 'मोलकरीण'. १९६३ चा हा चित्रपट, आणि तिघंही त्यात आहेत. मुलाच्याच घरी मोलकरीण होऊन राबणारी आई सुलोचनादीदींनी उभी केली आहे. हक्क असणाऱ्यांची परवानगी काढली, शाळेत पडदा बांधला. त्या दिवशी स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करायचा, हे आधीच सांगून ठेवलं. पुढच्या सतरंजीवर आज्या बसल्या.

पिक्चर संपला, तरी कुणी उठेना. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ती बिचारी मोलकरीण तरी म्हणवली गेली. आपल्या कामाला तर नावच नाही." त्या रात्री आम्ही बायका तासभर बोलत बसलो.

तुमच्या गटातही असा एक पिक्चर लावा. आणि नंतर लगेच उठू नका. गेलेल्या कलावंताचं काम तिथूनच पुढे चालू राहतं.

येते मैत्रिणींनो, काळजी घ्या.