सरांचं "उद्या ये"

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीनं केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन' असा भारदस्त विषय दिला होता. जन्मभर बँकेत नोकरी केली, म्हणून दिला असेल. पण तुमच्यासमोर उभं राहून ठेवी आणि फंडांवर बोलायचं माझ्या जिवावर आलं. त्याऐवजी मी स्वतः कुठे चुकले, ते सांगते. ते जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात संचयिकेपासून करते. आठवते ना आपली शाळेतली बँक? मधल्या सुट्टीत खिडकीशी रांग लागायची. कोणी चार आणे भरायचं, कोणी आठ आणे. आठवीत मी तिथे रोखपाल होते आणि त्याचा मला फार तोरा होता. पैसे काढायला कोणी आलं, की सर एकच विचारायचे, "कशासाठी?" कंपासपेटी, परीक्षेची फी असं काही सांगितलं की लगेच सही. "असंच" म्हटलं की सर म्हणायचे, "उद्या ये." नाही कधीच म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे यायचे नाहीत.

पुढे मी खऱ्या बँकेत लागले आणि सरांचा प्रश्न विसरले. पुण्यात फ्लॅट झाला, गाडी झाली, मग दुसरी गाडी झाली. दोघांचा पगार होता, हप्ते सहज मिळत होते. घरात तीन मिक्सर होते. व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळायचे. सुट्टीत गावी आले की आईला हसायचे मी. ती दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. "आई, आता कशाला हा कंजूसपणा?" असं मी तिला पाहुण्यांसमोर म्हटलेलं आहे.

२०११ साली बाबांना नागपूरला दवाखान्यात हलवावं लागलं. ऑपरेशनआधी ८० हजार रुपये भरायचे होते. भाऊ शेतकरी, कापूस अजून घरात यायचा होता. मी मोठ्या रुबाबात काउंटरवर कार्ड दिलं. ते चाललं नाही. दुसरं दिलं, तेही चाललं नाही. दोन्हींची मर्यादा संपलेली होती आणि खात्यात महिना निघेल एवढेच पैसे होते. मागे रांगेत लोक उभे होते. आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून पोस्टाचं पासबुक काढून भावाच्या हातात दिलं. त्या पैशांवर ऑपरेशन झालं. बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. आई मला त्यावरून एका शब्दानं कधी बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

कार्डाचं गणित मी रोज ग्राहकांना सांगत होते, तरी स्वतः त्यात अडकले. आजच्या दरानं सांगते. समजा, ५०,००० रुपये थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. व्याज झालं १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. तुम्ही 'किमान रक्कम' म्हणून २,५०० रुपये भरलेत, तर मुद्दल फिटलं फक्त ४३५ रुपये. आपल्याला वाटतं, भरतोय की दर महिन्याला! आपल्या मुलांना एवढं एक गणित जरूर करून दाखवा.

आम्हाला त्यातून बाहेर यायला चार वर्षं लागली. एक गाडी विकली. कपाटं रिकामी करायला घेतली, तेव्हा घडीसुद्धा न मोडलेल्या अकरा साड्या निघाल्या. आणि मी एक वही केली. काही घ्यावंसं वाटलं की त्यात तारीख, वस्तू आणि किंमत लिहायची आणि महिनाभर थांबायचं. सरांचं "उद्या ये" मी तीस दिवसांचं केलं, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत वहीत ११२ नोंदी झाल्या. त्यातल्या ३१ वस्तू घेतल्या. बाकीच्यांपैकी कित्येक का हव्या होत्या, तेही महिन्यानं आठवेना.

म्हणजे मी खर्चच करत नाही का? करते. चपला चांगल्या घेते, पुस्तकं घेते. घरकामाच्या ताईंचा पगार दरवर्षी न मागता वाढवते. आई होती तोवर दर दोन महिन्यांनी गावी येत होते. पूर्वी "सुट्टी नाही, परवडत नाही" म्हणणारी मीच होते.

आपली सहल सेवाग्रामला गेली होती, आठवतं? बापूकुटीत बसायला चटई आणि लिहायला बुटकं डेस्क पाहून आपण म्हणालो होतो, "एवढंच?" मागच्या वर्षी मी पुन्हा गेले. या वेळी दुसरं काही दिसलं. तिथे टेलिफोन आहे. साप न मारता धरून लांब सोडण्यासाठी केलेलं साधनही आहे. म्हणजे 'काहीच नको' असा तो हट्ट नव्हता. जे होतं, त्याला "कशासाठी?"चं उत्तर होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आपल्या वर्गात काहींकडे एकच गणवेश होता. रात्री धुवायचा, सकाळी ओलसरच घालायचा. तो साधेपणा नव्हता, ती गरिबी होती. आज त्यांनी पक्कं घर बांधलं, बायकोला सोन्याच्या पाटल्या केल्या, तर माझ्यासारखीनं त्यांना काटकसर शिकवू नये. कमी वस्तूंत राहायचं कौतुक आधी पोटभर मिळालेल्यांनीच स्वतःपुरतं करावं. माझं बोलणं फक्त माझ्यासारख्यांसाठी आहे, आणि ते या सभागृहात बरेच असतील असं मला वाटतं.

आता शेवटचं. संयोजकांनी आज प्रत्येकाला शाळेचं चित्र असलेला मग दिलाय. मघाशी कोणीतरी मला चिडवलं, "तू काय घेणार नाहीस!" घेणार आहे. कशासाठी, ते मला माहीत आहे. रोज सकाळी चहा पिताना ही इमारत दिसावी म्हणून. पण घरी गेल्यावर एक जुना मग कोणाला तरी देऊन टाकीन. फळीवर सहाच मावतात.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. तुमची रोखपाल मध्ये बरीच वर्षं हिशेब चुकवत होती. आता जमतोय.