चित्रांच्या घरातले जेवण

मुंबईला जाऊन राणीचा बाग पाहून आलेली माणसे तुमच्या गावात असतीलच. त्यांना एकदा विचारा, बागेला लागूनच असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलेत का? बरेच जण म्हणतील, पाहायचे होते हो, पण तोवर पाय भरून आले होते आणि पोरं भुकेने कुरकुरायला लागली होती. शिक्षकमंडळींना तर हे मी सांगायला नकोच. चाळीस मुले, रात्रभरचा एस. टी. चा प्रवास, घरून बांधून दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आणि कोणत्याही संग्रहालयाच्या दारावर पाटी असते ती खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई असल्याची. पाटी चुकीची आहे असे मी म्हणत नाही. तेलकट बोट चित्राला लागले तर डाग कायमचा राहतो, आणि चटणीच्या मागे मुंग्या व मुंग्यांच्या मागे आणखी काय काय येते. पण मुलांचे लक्ष मूर्तीकडे नसते, पिशवीकडे असते, हेही तितकेच खरे.

हा प्रश्न नवा नाही. लंडनमध्ये दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने तो मनावर घेतला आणि संग्रहालयाच्या आतच, चांगले सजवलेले भोजनगृह उघडले. या माणसाचे नाव हेन्री कोल. सरकारी नोकर, पण स्वस्थ न बसणारा. इंग्लंडात पेनीचे टपाल सुरू झाले त्या खटपटीत तो होता, आणि १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात काचेच्या प्रचंड मंडपात जे जगातल्या वस्तूंचे प्रदर्शन भरले, त्याच्या प्रमुख चालकांतही होता. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत साठ लाखांवर माणसे ते प्रदर्शन पाहून गेली. त्यात खेड्यापाड्यांतली, आयुष्यात प्रथमच आगगाडीत बसलेली माणसे पुष्कळ होती. आपल्या पंढरपूरच्या वारीत जसा गावच्या गाव लोटतो, तसेच काहीसे. आता इतकी माणसे दिवसभर फिरणार म्हणजे खाणार-पिणार. तिथे दारू विकायला बंदी होती. सोडा आणि तशी पेये मात्र दहा लाखांवर बाटल्या खपली, आणि गोड पावांची तर गणतीच नको. कोलने हे सारे डोळ्यांनी पाहिले होते.

प्रदर्शनात नफा झाला एक लाख शहाऐंशी हजार पौंड. त्या पैशातून गावाबाहेर जमीन घेतली गेली आणि १८५७ साली तिथे साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय उघडले. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. हे नाव त्याला १८९९ साली मिळाले. 'गावाबाहेर' हा शब्द लक्षात ठेवा. त्या काळी तो भाग शहराच्या कडेला होता. तिथवर चालत येणारा सुतार किंवा गवंडी बायकापोरांसह आला, की आसपास खायला काही मिळण्याची सोय बेताचीच. शिवाय कोलने आणखी एक धाडस केले होते. संग्रहालयात गॅसचे दिवे लावून ते काही संध्याकाळी उघडे ठेवले. का? तर दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा सुट्टी कुठली! काम संपल्यावर त्याने गुत्त्यात जाण्याऐवजी कुटुंबाला घेऊन इथे यावे, असे कोल उघड बोलून दाखवी. मग कारखान्यातून परस्पर येणाऱ्या माणसाला दोन घास नकोत का?

म्हणून संग्रहालयात उपाहारगृह निघाले. संग्रहालयातले जगातले पहिले उपाहारगृह हेच, असे सांगतात. त्यावर टीकाही झाली. इथे बिअर आणि वाइनही मिळे, आणि सरकारी पैशाच्या विद्यामंदिरात दारू हा अनेकांना अधर्म वाटला. पार्लमेंटच्या समितीपुढे प्रश्न आला तेव्हा कोलने आलेल्या माणसांची संख्या आणि खपलेली दारू यांचा भागाकार करून माणशी किती थेंब पडले ते सांगितले. थेंब, बरं का! हिशेब असा मांडला की विरोधकाला हसू यावे. या हिशेबात एक लबाडी आहेच. पिणारा पितो आणि न पिणारा पीत नाही. सरासरी कुणीच पीत नाही. गणिताच्या गुरुजींनी हे उदाहरण वर्गात जरूर वापरावे.

पहिली इमारत साधीच होती. पुढे १८६० च्या दशकात कोलने ठरवले की खाण्याच्या खोल्याच पाहण्याजोग्या करायच्या. तीन दालने झाली आणि ती आजही उभी आहेत. मधले मोठे दालन जेम्स गॅम्बल याच्या नावाने ओळखले जाते. त्याचे खांब आणि भिंती चकचकीत रंगीत चिनी मातीच्या फरशांनी मढवल्या आहेत, छताला मुलामा दिलेले लोखंडी पत्रे आहेत, आणि भिंतीवरून खोलीभर मोठ्या अक्षरांची पट्टी फिरते. तिच्यावर खाण्यापिण्याची थोरवी सांगणारे बायबलातले एक वचन आहे. हा सारा थाट केवळ शोभेसाठी नव्हता. चिनी माती ओल्या फडक्याने पुसता येते, तिला रश्शाचा डाग धरत नाही, धूर चिकटून राहत नाही, आणि लोखंडाचे छत आगीला दाद देत नाही. आपल्या गृहिणी शेगडीमागे पांढऱ्या फरशा लावून घेतात त्यामागचा विचार हाच.

उजवीकडच्या आणि डावीकडच्या खोल्या आणखी मजेच्या आहेत. एक चित्रकार एडवर्ड पॉयंटरने आखली. तिथे मोठी लोखंडी शेगडी आहे. मांसाचे तुकडे त्या शेगडीवर, जेवणाऱ्याच्या देखत भाजून मिळत. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशा, आणि त्यांवर ऋतूंची व महिन्यांची चित्रे. या फरशा रंगवल्या त्या संग्रहालयाला जोडलेल्या कलाशाळेतल्या विद्यार्थिनींनी. इंग्लंडात बाईने पैसे मिळवणे म्हणजे मास्तरीण होणे किंवा शिवणकाम करणे, अशा काळात मुलींच्या हातचे काम सार्वजनिक भिंतीवर चढले.

दुसरी खोली हिरवी. ती विल्यम मॉरिसच्या मंडळीने सजवली. मॉरिस तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेला, त्याची पेढी १८६१ साली निघालेली, फारसे कुणी ओळखत नव्हते. कोलने या नव्या पोरांना सरकारी काम दिले. भिंतीवर ऑलिव्हच्या फांद्या उठावात, वर सशांच्या मागे धावणाऱ्या कुत्र्यांची पट्टी, खिडक्यांना बर्न-जोन्सच्या रंगीत काचा. पुढे हाताच्या कारागिरीला पुन्हा मान मिळवून देणारा म्हणून मॉरिसचे नाव जगभर झाले. त्याचे आरंभीचे एक मोठे काम म्हणजे ही जेवणाची खोली.

याच संग्रहालयाच्या मातीकामावर घडलेला एक कारागीर, जॉन लॉकवुड किपलिंग, १८६५ साली मुंबईला आला आणि सर ज. जी. कलाशाळेत शिकवू लागला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची दृश्ये पाहिलीत ना? ती त्याने आखलेली. भाजीचे हारे उतरवणाऱ्या कितीजणांची नजर वर गेली असेल कोण जाणे, पण पुढच्या खेपेस तुम्ही मात्र मान वर करून पाहा.

आता या सुंदर खोल्यांत बसत कोण होते? इथे मात्र कोलच्या उदारपणाला इंग्लंडची हवा लागते. आगगाडीच्या डब्यासारखेच तिथे वर्ग होते. पहिल्या वर्गाचे पदार्थपत्रक वेगळे. त्यात मडक्यात शिजवलेला ससा, हंगामी फळांचे पक्वान्न. दुसऱ्या वर्गात पालकावर अंडी, आणि पेनीला एक गोड पाव. इमारतीवर राबणारे मजूर आणि गरीब पाहुणे यांच्यासाठी तिसरा वर्ग. म्हणजे ज्याच्या सोयीसाठी दिवे लावले, त्याचे ताट शेवटचे. तरी आपण फार हसू नये. आपल्याकडे त्याच काळात पंगतीत कोण कोणाशेजारी बसे, आणि कोणाला दाराबाहेर बसवीत, हे महात्मा फुले यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य गणलेल्यांना खुला करावा लागला यावरून समजते. लंडनचा मजूर तिसऱ्या वर्गात का होईना, पण आत होता.

१९३९ साली या खोल्यांतले खाणे बंद झाले आणि पुढे कित्येक वर्षे त्या इतर कामी पडल्या. २००६ साली त्या पुन्हा उपाहारगृह म्हणून उघडल्या. आता वर्ग नाहीत. हातात तबक घ्यायचे, मांडलेल्या पदार्थांतून हवे ते उचलायचे, पैसे द्यायचे आणि मॉरिसच्या खोलीत जाऊन बसायचे. संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. चहा मात्र स्वस्त नाही. १९८८ साली या संग्रहालयाने एक जाहिरात केली होती, तिचा आशय असा की आमच्याकडे फक्कड उपाहारगृह आहे, आणि त्याला जोडून एक बऱ्यापैकी संग्रहालयही आहे. जाणकार चिडले. मला विचाराल तर चिडण्यासारखे त्यात काही नव्हते. चहाच्या ओढीने आलेला माणूस वाटेत एखादी मूर्ती पाहून थबकला, तर बिघडले कुठे?

पण चित्रांच्या भिंतीशी बसून जेवण्याची दुसरीही एक हकिकत आहे, आणि तीही लंडनचीच. थेम्स नदीच्या काठी टेट हे चित्रसंग्रहालय आहे. हेन्री टेट नावाच्या साखरेच्या कारखानदाराने चित्रे आणि पैसा दिला, आणि १८९७ साली ते उघडले. त्याच्या तळघरातली फराळाची खोली अगदी उदास होती. ती खुलवण्यासाठी रेक्स व्हिस्लर या तरुण चित्रकाराला बोलावले. १९२७ साली खोली तयार झाली तेव्हा त्याचे वय बावीस. चारी भिंतींवर त्याने एक गंमतगोष्ट रंगवली: कोरडी बिस्किटे खाऊन कंटाळलेल्या एका देशातले लोक दुर्मीळ मांसाच्या शोधात निघतात, कोणी घोड्यावर, कोणी पायी, कोणी सायकलवर. डोंगर, धबधबे, दूरदूरचे देश. लोकांना ती खोली फार आवडली. युरोपातली सर्वांत मौजेची खोली असे तिला म्हणू लागले. १९२८ च्या जानेवारीत थेम्सला पूर येऊन खोली पाण्यात बुडाली, तरी चित्र टिकले. व्हिस्लर १९४४ साली फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. पुढे ही खोली लंडनमधले नावाजलेले महागडे भोजनगृह झाली. तिथली वाइनची यादी तर दर्दी लोकांत प्रसिद्ध होती.

आता त्या चित्राचा एक कोपरा ऐका. एका काळ्या मुलाला त्याच्या आईपासून ओढून नेले आहे. पुढे तोच मुलगा गळ्यात दोर बांधलेला, गाडीमागून फरफटत चालला आहे. चित्रात चिनी माणसेही आहेत, तीही टिंगलीच्या रूपात. हे मोठ्या आकारात, डोळ्यांवर येईल असे नाही. मौजेच्या गर्दीत एका बाजूला आहे. पांढऱ्याशुभ्र चादरीच्या मेजाशी बसून नव्वद वर्षे माणसे त्याच्या शेजारी जेवली. बिल चुकते करून टोपी घालून घरी गेली. काहींना ते दिसले नसेल, काहींना दिसून खुपले नसेल. पण त्या मेजांवर ताटे मांडणाऱ्यांत, आणि पैसे मोजून जेवायला आलेल्यांतही, काळ्या वर्णाची माणसे असणारच. त्यांना ते दिसत नसेल असे कसे म्हणावे? आपल्या कातडीच्या माणसाच्या गळ्यातला दोर दिसायला फार बारकाईने पाहावे लागत नाही.

तसे पाहिले तर ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपवली गेली, तेव्हा हेन्री टेट स्वतः चौदा वर्षांचा होता. पण साखरेचा धंदा म्हटला की वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांची आठवण निघतेच. आपल्याकडे ऊस तोडायला जाणाऱ्या कुटुंबांनी साखरेच्या गोडीमागे कोणाचे हात असतात हे काही पुस्तकात वाचलेले नसते.

तक्रारी वाढत गेल्या. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे भोजनगृह बंद पडले. त्याच वर्षी संग्रहालयाच्या नीतिविषयक समितीने चित्र पाहून ते अपमानकारक आहे असा स्पष्ट निर्वाळा दिला. मग काही म्हणाले, पुसून टाका. काही म्हणाले, शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राला आजचा कायदा लावू नका. पुसता तर येतच नव्हते, कारण ती इमारत आणि तिच्या भिंती वारसा म्हणून कायद्याने जपलेल्या आहेत. माझे मत विचाराल तर पुसणे सोयीचे झाले असते, आणि म्हणूनच ते टाळले हे बरे झाले. पण त्याच्याखाली बसून चवीने जेवणे हेही पुढे चालू ठेवण्यासारखे नव्हते. २०२२ साली संग्रहालयाने जाहीर केले की ही खोली पुन्हा भोजनगृह म्हणून उघडणार नाही.

२०२४ साली तिथे कीथ पायपर या काळ्या ब्रिटिश कलावंताची चित्रफीत लावली गेली. तिच्यात व्हिस्लर आणि एक प्राध्यापिका समोरासमोर येतात, आणि ती त्याला त्याच्याच चित्राबद्दल एकेक प्रश्न विचारते: हा मुलगा कोण, त्याची आई कुठे, हे काढताना तुझ्या मनात काय होते? मेजे हलवली आहेत. ज्याला भूक लागली असेल त्याच्यासाठी त्याच इमारतीत दुसरीकडे चहाफराळाची सोय आहे. या खोलीत भिंती अजून तशाच रंगीत आहेत, आणि आता इथे येणारा माणूस त्या पाहण्यासाठीच येतो.