दारावरील थाप आणि घरातील संगणक

(बारडोली, जिल्हा सुरत येथे मराठी भाषिक कुटुंबे व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उधना-जळगाव लोहमार्गावरील बारडोली हे गाव खानदेशातील माणसाला परके नाही. नोकरीच्या, व्यापाराच्या आणि ऊसतोडीच्या निमित्ताने आपली माणसे येथे येत आली आहेत. आज मी संगणकाविषयी बोलणार असलो, तरी आरंभ याच भूमीतील एका आठवणीने करतो.

१९२८ साली वाढीव शेतसाऱ्याविरुद्ध सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी उभे राहिले. सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविण्यात आला होता. जप्तीचे अधिकारी येताना दिसले की पहाऱ्यावरील स्वयंसेवक ढोल वाजवून इशारा देत आणि घरोघरची दारे बंद होत. म्हशीसुद्धा घरात घेतल्या जात. ढोल कशासाठी वाजतो आहे आणि तो ऐकल्यावर काय करावयाचे, हे प्रत्येक घराला ठाऊक होते, म्हणूनच त्या इशाऱ्याला मोल होते.

आज आपल्या घरातील संगणकही असाच इशारा देतो. पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडते आणि 'फायरवॉल'ने अमुक एक प्रोग्रॅम अडविला आहे, असे सांगते. आपण घाईत एखादी कळ दाबतो आणि पुढील कामाला लागतो. ढोल वाजला, परंतु तो कोणासाठी वाजला हे आपण पाहिलेच नाही!

एका खोलीतील आग दुसऱ्या खोलीत पसरू नये म्हणून इमारतीत जी भिंत बांधतात, तिच्यावरून फायरवॉल हे नाव आले. संगणकाला जाळ्यावरील देवघेवीसाठी ६५ हजारांहून अधिक क्रमांकित दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. आपण बोलाविलेले उत्तर आत येऊ द्यावे, न बोलाविता आलेल्याला दाराशी थांबवावे, हे फायरवॉलचे मुख्य काम होय.

या पहारेकऱ्याची गरज अनुभवाने पटली. २००१ साली आलेल्या 'विंडोज एक्सपी'मध्ये फायरवॉल होती, परंतु ती मुळात बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. संगणक केवळ इंटरनेटला जोडलेला असणे एवढेच त्याला पुरत होते. वापरणाऱ्याने काहीही उघडण्याची आवश्यकता नव्हती. पुढे ऑगस्ट २००४ मधील सुधारित आवृत्तीपासून ही फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली.

आता त्या खिडकीत काय वाचावयाचे ते पाहू. विंडोजचा इशारा हा बहुधा एक प्रश्न असतो: या प्रोग्रॅमला बाहेरून येणारी जोडणी स्वीकारू द्यावी काय? उत्तर देण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हा प्रोग्रॅम कोणाचा? खिडकीत त्याचे नाव, प्रकाशकाचे नाव आणि संगणकातील त्याचे ठिकाण पाहता येते. काही आवृत्त्यांत त्यासाठी अधिक तपशिलाची कळ दाबावी लागते. नाव अनोळखी असेल, प्रकाशकाचा पत्ता नसेल आणि प्रोग्रॅम तात्पुरत्या फायलींच्या कप्प्यात बसलेला असेल, तर संशय धरावा.

दुसरा प्रश्न, मी आत्ता काय करीत होतो? मुद्रणयंत्र नव्याने जोडीत असताना त्याच कंपनीच्या प्रोग्रॅमचा इशारा येणे स्वाभाविक आहे. परंतु आपण केवळ पत्र लिहीत असताना एखाद्या अपरिचित खेळाच्या नावाने दार ठोठावले गेले, तर त्याला कारण काय?

तिसरा प्रश्न, परवानगी कोणत्या जाळ्यासाठी? 'प्रायव्हेट' म्हणजे आपल्या घरचे विश्वासातील जाळे आणि 'पब्लिक' म्हणजे रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणचे सार्वजनिक जाळे. घरातील सोयीसाठी दिलेली मुभा चव्हाट्यावर देऊ नये.

उत्तर सापडले नाही तर 'कॅन्सल' करावे. त्यामुळे संगणक बिघडत नाही. प्रोग्रॅम खरोखर उपयोगाचा असेल, तर परवानगी नंतरही देता येते.

येथे स्वतःची चूक सांगितली पाहिजे. एका रात्री टिपणे पूर्ण करण्याच्या घाईत मी असाच इशारा न वाचता 'अलाऊ' केला. सकाळी कन्येने विचारले, "बाबा, परवानगी कोणाला दिलीत?" मला नाव सांगता येईना. आम्ही दोघांनी फायरवॉलमधील अनुमती दिलेल्या प्रोग्रॅमांची यादी उघडली, तेव्हा कधीच वापरात नसलेले चित्रफितींचे एक फुकट साधन तेथे ठाण मांडून बसलेले आढळले. आम्ही त्याची खूण काढून टाकली. ही यादी प्रत्येकाने अधूनमधून अवश्य तपासावी.

याहून मोठा धोका खोट्या ढोलाचा आहे. इंटरनेटवर काही पाहत असता पडदा एकाएकी लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि "आपला संगणक बंद पडत आहे, त्वरित या क्रमांकावर दूरध्वनी करा" असा मजकूर झळकतो. हा फायरवॉलचा इशारा नव्हे; ते केवळ फसवे पान असते. खरी फायरवॉल दूरध्वनी क्रमांक देत नाही, पैसे मागत नाही आणि भीती घालीत नाही. अशा वेळी 'एस्केप' कळ थोडा वेळ दाबून धरावी व ते पान बंद करावे. तरीही ते हटले नाही तर संगणक बंद करावा आणि पुन्हा सुरू केल्यावर जुनी पाने उघडू देऊ नयेत.

कोणी त्या क्रमांकावर बोलून संगणकाचा ताबा दिलाच असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या यंत्रावरून बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी गमावलेला एक तास फार महाग पडतो. घरातील वडीलधाऱ्यांकडून अशी चूक झाली, तर मुलांनी त्यांना बोल लावू नये. बोल लागेल या भीतीनेच माणसे गप्प राहतात.

फायरवॉल असली म्हणजे सर्व काही झाले, असेही नव्हे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'चा जगभर हल्ला झाला, तेव्हा मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हा उपद्रव मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्तीतून, म्हणजे विश्वासातल्या दारातून, शिरला आणि पुढे जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. म्हणून संगणकाच्या सुरक्षा-सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या साधनात काढून ते साधन संगणकापासून विलग ठेवावे. आपण स्वतःहून कोणाला सांगितलेला गुप्त अंक तर कोणतीच भिंत अडवू शकत नाही.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. शाळेतील संगणकावर असा इशारा आला की तो निमूटपणे बंद करू नका. विद्यार्थ्यांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवा आणि हे तीन प्रश्न त्यांनाच विचारा. ती मुले घरी जाऊन आजी-आजोबांना सावध करतील. १९२८ साली येथील घरांचे रक्षण ढोलाइतकेच तो ऐकून सावध होणाऱ्या माणसांनीही केले होते. आपल्या घरातील इशाऱ्यालाही तसेच जाणते कान लाभोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.