पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट

(खापरखेडा येथे युवक-युवतींच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "डोळ्यांवर बोलतो." त्यांना वाटलं मोबाईल आणि कॉम्प्युटरवर बोलणार. पण मला बोलायचंय मोटरसायकलवर. इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण गाडीनेच आलेत, बाहेर रांग लागलीय. त्या गाड्या चालवणाऱ्या डोळ्यांबद्दल पंधरा मिनिटं बोलू.

सुरुवात आपल्याच गावापासून करतो. खापरखेड्याचं वीज केंद्र १३४० मेगावॅटचं. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक. त्याला कोळसा लागतो. तो कोळसा आसपासच्या खाणींतून निघतो, मालगाडीने येतो, ट्रकने येतो. आता बघा, खाणीत काम करणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. खाण नियम १९५५ मधला नियम २९-ब सांगतो की भरतीच्या वेळी तपासा आणि नंतर जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासा. त्या तपासणीच्या फॉर्मवर डोळ्यांसाठी वेगळी जागा आहे. कोळशाची मालगाडी ओढणाऱ्या लोको पायलटला भरतीच्या वेळी चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसावं लागतं, आणि नोकरी संपेपर्यंत ठरावीक मुदतीने त्याचे डोळे तपासले जातात.

पण हाच खाण कामगार सेकंड शिफ्ट संपवून रात्री मोटरसायकलला किक मारून घरी निघतो, तेव्हा त्या गाडीसाठी त्याचे डोळे कुणी तपासलेले असतात? आणि त्याच्या पोराचे, जो अजून खाणीतही नाही, रेल्वेतही नाही, फक्त कॉलेजला जातो?

उत्तर फॉर्म नंबर १ मध्ये आहे. तुम्ही सगळ्यांनी तो भरलाय. लर्निंग लायसनच्या वेळी. आठवतो का? बहुतेकांना आठवणार नाही, कारण तो एजंटने नाहीतर सायबर कॅफेवाल्याने भरला. त्या फॉर्मचं नाव आहे शारीरिक पात्रतेची स्वघोषणा. त्यात थोडेच प्रश्न आहेत. तुम्हाला फिट येते का? अचानक चक्कर येते का? हातापायात काही दोष आहे का? आणि डोळ्यांबद्दल तीन प्रश्न. चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर तो लावून, २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? रंग ओळखता येतात का? रातांधळेपणा आहे का?

खाजगी गाडीचं लायसन आणि वय चाळीसच्या आत असेल, तर एवढंच. डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ, लागतं ते चाळिशीनंतर किंवा व्यावसायिक वाहन चालवायचं असेल तर. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंग लायसन आधारच्या मदतीने घरबसल्या काढता येतं. सोय चांगली आहे, मी स्वतः अशाच प्रकारची सॉफ्टवेअर बनवतो. पण स्क्रीनला डोळे तपासता येत नाहीत. ती "होय" म्हटलं की पुढे जाते.

आता हे किती काळ चालतं ते बघा. मोटर वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिशीच्या आत लायसन काढलं तर ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी एक टिक, आणि पुढची २२ वर्षं कुणी विचारणार नाही. शाळेत असताना सरकारी पथक येऊन डोळे बघून जातं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत तशी सोय आहे. अठरा पूर्ण झाली की ती तपासणी संपते आणि त्याच वर्षी हातात गाडी येते.

माझ्या खालाचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. नागपुरात पार्सल पोहोचवतो आणि रात्री अकरा-साडेअकराला कोराडीवरून घरी येतो. तो एकदा म्हणाला, "भाई, समोरून ट्रक आला की लाईट फुटतो. गोल गोल पसरतो. मग दोन सेकंद काहीच दिसत नाही." त्याला वाटत होतं सगळ्यांनाच असं दिसतं. मी त्याला गल्लीत नेलं. टेप लावून २५ मीटर मोजले, एका उभ्या कारची नंबर प्लेट वाचायला सांगितली. त्याला वाचता येईना. एकेक पाऊल पुढे ये म्हटलं. बारा पावलं उरली तेव्हा त्याने नंबर वाचला. डॉक्टरकडे गेलो तर दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोनचा नंबर निघाला. त्याच्या फॉर्मवर मात्र "होय" अशी टिक होती. ती एजंटने केली होती. याला विचारलंही नव्हतं.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. २५ मीटर हा आकडा आला कुठून, त्याचा अर्थ काय? मोटारीच्या नंबर प्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जो तक्ता असतो, तो स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ मध्ये बनवला. सहा मीटरवरून वाचायचा, म्हणून ६/६, ६/९, ६/१२ असे आकडे. ६/१२ म्हणजे धडधाकट डोळ्याला जे बारा मीटरवरून वाचता येतं, ते तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. हिशेब केला तर २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचणं म्हणजे साधारण ६/९ ते ६/१२ च्या मधली दृष्टी. युरोपीय संघात मोटरसायकल आणि कारसाठी किमान दृष्टी हीच, म्हणजे दोन्ही डोळे मिळून ६/१२. त्यामुळे आपला नियम ढिला आहे असं मी म्हणणार नाही. नियम व्यवस्थित आहे, फक्त तो तपासायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही.

आता हाच हिशेब रस्त्यावर आणू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरपेक्षा थोडं जास्त. समोर काही दिसलं, मेंदूने ओळखलं, ब्रेक दाबला, गाडी थांबली. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर याला ४० मीटरच्या आसपास लागतात. पावसात, रेतीवर, ट्रकमधून सांडलेल्या राखेवर आणखी जास्त. जी बारीक गोष्ट ६/६ वाल्याला ६० मीटरवरून ओळखू येते, ती ६/२४ वाल्याला १५ मीटरवर ओळखू येते. ६० मीटर म्हणजे साडेतीन सेकंद. १५ मीटर म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, ट्रक तर सगळ्यांनाच दिसतो. खरंय. ट्रक मोठा आहे. पण दिवा नसलेली सायकल, रस्त्याच्या कडेने चालणारी म्हातारी, खड्ड्याची कड, ट्रॉलीतून मागे लोंबणारी सळई? या गोष्टी बारीक आहेत आणि आपल्याकडे माणसं यांच्यावरच आदळतात. कारमध्ये निदान पत्रा मध्ये असतो. दुचाकीवर आपलं शरीरच बंपर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. केंद्र सरकारच्या त्या अहवालात नियमभंगाची कारणं दिलेली असतात. अतिवेग, दारू, उलट्या बाजूने गाडी, लाल सिग्नल तोडणं, मोबाईल आणि इतर. "दिसलं नाही" याला वेगळा रकाना नाही. रकानाच नसेल तर ते नोंदवलं जाणार कसं, आणि नोंदच नसेल तर त्यावर कुणी काही करणार कसं?

मग करायचं काय? डॉक्टरचं प्रमाणपत्र सगळ्यांना सक्तीचं करा, असं मी म्हणणार नाही. प्रमाणपत्रं कशी मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे. एजंटच्या खिशात सही-शिक्क्याचं पॅड असतं. गरिबाचे दोनशे-पाचशे रुपये जास्त जातील आणि डोळे तिथेच राहतील.

माझी मागणी साधी आहे. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्टची सुरुवातच नंबर प्लेट वाचण्याने होते. परीक्षक २० मीटरवरची एक उभी गाडी दाखवतो आणि नंबर वाच म्हणतो. नाही वाचता आला तर टेस्ट तिथेच संपते. आपल्याकडे पक्क्या लायसनसाठी बहुतेकांना टेस्ट द्यायला जावं लागतं. एमएच-४० वाले आपण नागपूर ग्रामीणला जातो. त्या मैदानावर २५ मीटरवर एक नंबर प्लेट लावा आणि प्रत्येकाला वाचायला सांगा. दर वेळी वेगळी प्लेट, म्हणजे पाठ करता येणार नाही. अर्धा मिनिट लागेल, खर्च शून्य. नवीन कायदा नको, कारण प्रश्न फॉर्ममध्ये आधीच आहे. जो प्रश्न कागदावर विचारता, तोच मैदानावर तोंडी विचारा. असं निवेदन परिवहन अधिकाऱ्यांना द्यायला काय हरकत आहे? ते द्यायला कुठली जात-जमात आड येत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत हा प्रश्न आपणच एकमेकांना विचारायचा. उद्या सकाळी टेप घ्या, २५ मीटर मोजा, उभ्या कारची पाटी वाचा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. मोटरसायकलची पाटी घेऊ नका, तिच्यावरची अक्षरं ३५-४० मिलिमीटरचीच असतात. घ्यायचीच असेल तर अंतर १४ मीटर ठेवा. नंबर वाचता आला नाही तर तपासून घ्या. वाचता आला तरी रात्री दिवे पसरत असतील तरीही तपासून घ्या, कारण उणे नंबरचा त्रास अंधारात वाढतो. सरकारी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. नागपूरला मेडिकल आणि मेयोमध्ये डोळ्यांचा पूर्ण विभाग आहे. दोन वर्षांतून एकदा जायला काही जड नाही.

रंगांबद्दल एक चांगली बातमी. लाल-हिरव्यात थोडा गोंधळ होतो म्हणून काही मुलं लायसनच काढत नाहीत, चोरून गाडी चालवतात. जून २०२० मध्ये नियम बदलला आहे. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असेल तरी लायसन मिळतं, फक्त तीव्र असेल तर नाही. तेव्हा लपवू नका.

लपवण्यावरून आठवलं. आपल्या घरांत मुलीला चष्मा लागला की अम्मीला पहिली चिंता रिश्त्याची. "बाहेर जाताना काढून ठेव." आणि तीच मुलगी स्कूटीवर कॉलेजला जाते. मुलांचंही तसंच. भरतीची तयारी चालू आहे, नंबर आहे हे कळता कामा नये, म्हणून चष्मा बॅगेत. बहिणींनो, भावांनो, ज्या घराला चष्मा चालत नाही त्या घरासाठी रस्त्यावर आंधळं होऊ नका. घरच्यांशी हे बोलायला लाज वाटत असेल तर माझं नाव सांगा, मी येऊन बोलतो.

काही बारीकसारीक गोष्टी. हेल्मेट आधी घाला, मग चष्मा सरकवा; बारीक दांडीची फ्रेम घ्या, कानावर रुतत नाही. हेल्मेटच्या काचेवर ओरखडे असतील तर काच बदला, रात्री प्रत्येक ओरखडा समोरच्या दिव्याचा उजेड पसरवतो. काळी काच सूर्य मावळल्यावर लावू नका. आपल्याकडे राखेची धूळ बसते, ती कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात, पाण्याने धुवा. आणि नागपूरच्या उन्हात सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात, कुणी नकाब घालतं. बांधून झाल्यावर समोर बघत दोन्ही हात डोळ्यांच्या रेषेत दोन्ही बाजूंना धरा आणि बोटं हलवा. ती न वळता दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर कड मागे सरकवा.

घरात अब्बांना शुगर असेल तर त्यांच्या डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या. मधुमेहाचा पडदा आणि काचबिंदू दोन्ही गुपचूप येतात, दुखत नाही. काचबिंदूत बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि माणसाला कळतही नाही.

शेवटी त्या सहीबद्दल. मोटर वाहन कायद्याचं कलम १८६ म्हणतं, आपल्यात धोकादायक दोष आहे हे माहीत असून गाडी चालवली तर पहिल्यांदा एक हजार रुपये दंड, पुढे दोन हजार. माहीत असून, हा शब्द लक्षात घ्या. ज्याने कधी तपासलंच नाही, तो या कलमातून सुटेल. पण समोरून येणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

स्वघोषणा म्हणजे सरकारने तुमच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. आपल्याकडे कुणी विश्वासाने काही ठेवलं तर त्याला आपण अमानत म्हणतो. ती टिक एजंटला करू देऊ नका. घरातल्या धाकट्याचं लायसन निघेल तेव्हा त्याला आधी गल्लीत न्या, टेप धरा आणि नंबर वाचायला सांगा. मग फॉर्म भरा.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर थांबणार आहे. टेप आणलीय, कारही उभी आहे. या.